उरक आणि खोळंबा

आपल्या हॉस्टेलमध्ये लिनक्स वापरणाऱ्यांची एक कॉमन तक्रार आहे. एकीकडे मोठं फोल्डर कॉपी होतंय, दुसरीकडे लेक्चर नाहीतर सिनेमा चालू आहे, आणि चित्र अडखळतं. आवाज पुढे निघून जातो, सरांचं तोंड उघडंच राहतं, मग चित्र एकदम धावत येऊन आवाजाला गाठतं. कधी कधी माउससुद्धा अडकत अडकत सरकतो. कॉपी संपली की सगळं पुन्हा नीट!

या तक्रारीवर कॉरिडॉरमध्ये तीन सल्ले अगदी फुकट मिळतात. पहिला, "रॅम वाढव." दुसरा, "एसएसडी टाक." तिसरा, "फॉरमॅट मार आणि दुसरी डिस्ट्रो टाक." माझं स्पष्ट मत आहे की हे तिन्ही सल्ले म्हणजे पेशंटची नाडीसुद्धा न बघता लिहिलेली औषधाची चिठ्ठी आहे. औषध कधी लागू पडतंही. पण ते नशीब झालं, इंजिनिअरिंग नव्हे.

मी एवढ्या तावातावाने लिहितेय, कारण यात पैशाचा प्रश्न आहे. "पप्पा, लॅपटॉप स्लो झालाय" म्हटलं की लगेच पैसे येतात, अशी घरं सगळ्यांची नसतात. आमच्या विंगमध्ये कितीतरी जणींकडे दादाचा वापरून झालेला नाहीतर सेकंडहॅन्ड घेतलेला लॅपटॉप आहे. चार जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क. त्यांना "नवीन घे" सांगणं फार सोपं आहे. पण ज्या मुलीची सगळी एम-थ्री त्या लॅपटॉपवरच्या लेक्चर्सवर अवलंबून आहे, तिला ते आजच्या आज बघायचं असतं.

आधी एक साधा हिशोब करू. एका तासाचं लेक्चर ३६० एमबीचं धरा. तासाचे सेकंद ३६००. म्हणजे प्लेअरला सेकंदाला फक्त १०० केबी हवेत. लॅपटॉपमधली ५४०० आरपीएमची जुनी डिस्कसुद्धा सलग वाचायला दिलं तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते. गरजेच्या हजारपट! मग तेवढे १०० केबी वेळेवर का मिळत नाहीत?

कारण वेग आणि वेळेवर मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे थ्रूपुट आणि लेटन्सी हे शब्द मला इंग्रजीतूनच भेटले. मराठी सेक्शनसाठी लिहायचं म्हणून आजीला फोन करून विचारलं. तिने कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही, पण मी अर्थ सांगितल्यावर दोन्ही शब्द तिने एका मिनिटात दिले. ठरावीक वेळात किती काम निघतं, तो उरक. आणि आपला नंबर येईपर्यंत जे ताटकळत राहावं लागतं, तो खोळंबा. मला तर हे शब्द पुस्तकातल्यांपेक्षा जास्त आवडले, म्हणून पुढे तेच वापरते.

आता मेसची खिडकी डोळ्यांसमोर आणा. मावशींचा उरक जबरदस्त आहे. पण समजा, कोणीतरी फेस्टच्या व्हॉलंटियर्ससाठी चाळीस डबे भरून घ्यायला उभं राहिलं. मागे एक मुलगी आहे, तिला फक्त एक पोळी हवीय. मावशींचा हात एक क्षणही थांबलेला नाही, तरीही त्या मुलीचं जेवण चाळीस डब्यांमागे अडकलं. व्हिडिओ म्हणजे ती मुलगी. तिची गरज अगदी थोडी, पण ती वेळेवरच भागली पाहिजे. सेकंदाला २५ चित्रं असतील तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला ४० मिलिसेकंद येतात. कॉपी म्हणजे ते चाळीस डबे. त्या दोन सेकंद उशिरा भरल्या तरी कोणाला कळणारही नाही.

फिरणाऱ्या डिस्कमध्ये हे आणखी बिघडतं. ५४०० आरपीएमला एक फेरी पूर्ण व्हायला ११ मिलिसेकंद लागतात, शिवाय हेडला जागेवर जायला वेळ लागतो तो वेगळा. लेक्चर एका टोकाला, कॉपीचं वाचन दुसरीकडे, लिखाण तिसरीकडे. अशा उड्या मारायला लागल्या की सेकंदाला साठ-सत्तर उड्यांतच डिस्क दमते. मग १०० एमबीचा वेग फक्त खोक्यावर छापायला उरतो.

दुसरी भानगड रॅममध्ये असते. आपण कॉपी करतो तेव्हा लिनक्स डेटा लगेच डिस्कवर लिहीत नाही. आधी रॅममध्ये साठवतं आणि मागाहून लिहितं. अशा न लिहिलेल्या डेटाला डर्टी पेजेस म्हणतात. कर्नलची मूळ सेटिंग अशी असते की वापरायला मोकळ्या असलेल्या रॅमच्या १० टक्के भरल्यावर मागच्या मागे लिहायला सुरुवात करायची, आणि २० टक्के झाल्यावर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवून धरायचं. समजा तुमच्याकडे ६ जीबी मोकळी आहे. त्याचे २० टक्के म्हणजे १.२ जीबी. आणि तुम्ही कॉपी करताय सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या पेन ड्राइव्हवर. म्हणजे पूर्ण दोन मिनिटांचं काम तुंबून राहिलं! कॉपीची पट्टी १०० टक्के दाखवते, पण पेन ड्राइव्ह काढायला गेलं की "अजून वापरात आहे" असा मेसेज येतो, हा अनुभव सगळ्यांना आहे. त्याचं कारण हेच. या तुंबण्यात ब्राउझरसारखा दुसरा कोणी बिचारा दोन ओळी लिहायला गेला तर तोही अडकू शकतो. २०१३ साली कर्नलच्या मंडळींमध्ये यावर बरीच चर्चा झाली. तेव्हा खुद्द लिनस टॉर्व्हाल्ड्सनेच सांगितलं की टक्क्यांची ही कल्पना मशीनमध्ये ८ ते ६४ एमबी रॅम असायची त्या काळातली आहे. म्हणजे आपण रॅम वाढवली की तुंबायची जागासुद्धा वाढते. "रॅम वाढव" सांगणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा!

मग करायचं काय? आधी तपासायचं. याला एक नवा पैसा लागत नाही, पंधरा मिनिटं लागतात.

पहिली तपासणी. कॉपी बंद करून तोच व्हिडिओ चालवा. तरीही अडखळत असेल तर डिस्कला दोष देऊ नका. तिथे प्रोसेसरला ते फॉरमॅट झेपत नसेल किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट नसेल.

दुसरी तपासणी मला सगळ्यात आवडते. व्हिडिओची फाइल डेव्ह फोल्डरमधल्या एसएचएम या फोल्डरमध्ये टाका. हे फोल्डर डिस्कवर नसतं, रॅममध्ये असतं. तिथून व्हिडिओ चालवा आणि मग कॉपी सुरू करा. आता नीट चालला तर खोळंबा डिस्कवरून वाचण्यातच आहे, हे जवळजवळ नक्की. इथूनही अडखळला तर कारण दुसरीकडे शोधायचं. रॅम कमी असेल तर मात्र फाइल छोटी घ्या.

तिसरी तपासणी, टॉप आणि व्हीएमस्टॅट. टॉपमध्ये "डब्ल्यूए" नावाचा आकडा असतो. तो वाढला की पुष्कळ जण म्हणतात, प्रोसेसर फुल झाला. अर्थ बरोबर उलटा आहे! प्रोसेसर रिकामा बसलाय आणि डिस्कची वाट बघतोय. व्हीएमस्टॅटमधले "एसआय" आणि "एसओ" हे कॉलम सारखे हलत असतील तर मशीन स्वॅपमध्ये गेलंय. तेव्हा रॅमचा सल्ला खरंच बरोबर आहे. निदान आधी काही ब्राउझर टॅब तरी बंद करा.

चौथी तपासणी, आयओस्टॅट. सिसस्टॅट नावाच्या पॅकेजमध्ये ते मिळतं. त्यात वाचायच्या आणि लिहायच्या मागणीला सरासरी किती मिलिसेकंद थांबावं लागलं, ते वेगवेगळं दिसतं. हाच आपला खोळंबा, आकड्यात. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ४.२० कर्नलपासून तर प्रॉक फोल्डरमध्ये प्रेशर नावाचं फोल्डरच आहे. त्यातली आयओ ही फाइल उघडली की गेल्या दहा सेकंदांत किती टक्के वेळ कोणी ना कोणी डिस्कसाठी अडकून पडलं होतं, ते कळतं. जोडीला आयओटॉप लावलं तर डिस्क कोण खातंय त्याचं नाव कळतं. कधी कधी कॉपी निर्दोष असते आणि फाइल्सची यादी बनवणारा इंडेक्सर नाहीतर आपोआप सुरू झालेला अपडेट हा खरा चोर निघतो.

कारण सापडलं की उपाय एकेक करून करायचे. दहा सेटिंग्ज एकदम बदलल्या तर कशाने बरं वाटलं तेच कळत नाही.

सगळ्यात सोपा उपाय प्लेअरमध्येच आहे. एमपीव्ही प्लेअर डिस्कवरच्या फाइलसाठी साधारण एका सेकंदाचाच डेटा पुढचा वाचून ठेवतो. त्याचा कॅश ऑप्शन चालू केला की तो १५० एमबीपर्यंत साठा करतो. आपल्या हिशोबाने हे पंचवीस मिनिटांचं लेक्चर झालं! व्हीएलसीमध्ये फाइल कॅशिंग नावाची सेटिंग मिलिसेकंदात असते, ती ५००० करून बघा. पोळ्या आधीच ताटात असतील तर चाळीस डबेवाला येऊ दे की.

दुसरा उपाय, डबेवाल्यालाच आवरायचं. आरसिंकने कॉपी करा आणि त्याला बीडब्ल्यूलिमिट देऊन वेग बांधून टाका. आयओनाइस वापरून कॉपीला सगळ्यात खालचा, म्हणजे आयडल, क्लास देता येतो. पण हे ऐकणारा शेड्युलर असावा लागतो. शिवाय रॅममध्ये साठून मागाहून होणारं लिखाण कर्नलचा वेगळा थ्रेड करतो, त्यामुळे तिथे आयओनाइसचं फारसं चालत नाही.

तिसरा उपाय, शेड्युलर बदलणे. सिस फोल्डरमध्ये ब्लॉक, त्यात तुमच्या डिस्कचं नाव, त्यात क्यू, आणि त्यात शेड्युलर नावाची फाइल आहे. ती वाचली की उपलब्ध नावं दिसतात, चालू असलेलं चौकटी कंसात. फिरणाऱ्या डिस्कवर बीएफक्यू लावून बघा. यादीत नसेल तर आधी त्याचं मॉड्यूल लोड करावं लागतं. ज्याला थोडंच पण वेळेवर हवंय, त्याला तो पुढे घेतो.

चौथा, पेन ड्राइव्हच्या तुंबण्यावर. डर्टी पेजेसची मर्यादा टक्क्यांऐवजी बाइट्समध्ये देता येते. मर्यादा ६४ एमबी ठेवली तर तुंबलेलं काम दोन मिनिटांवरून सहा-सात सेकंदांवर येतं. कॉपीची पट्टी हळू सरकेल, पण खरं बोलेल.

आणि लेक्चर्स विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर असतील तर टॉपमध्ये माउंट डॉट एनटीएफएस हे नाव शोधा. जुना ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर चालतो आणि मोठ्या कॉपीत प्रोसेसर खातो. २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून एनटीएफएस-थ्री हा आतला ड्रायव्हर आलाय.

या तपासणीने काय फरक पडतो? दोन उदाहरणं देते. आमच्या विंगमधल्या एका एफ.ई.च्या मुलीला सगळ्यांनी "एसएसडी घे" सांगून झालं होतं. तपासल्यावर दिसलं की मैत्रिणीच्या एक्स्टर्नल डिस्कवरून लेक्चर्स उतरवताना वाचायचा खोळंबा शेकडो मिलिसेकंदांत जात होता. बीएफक्यू लावला, प्लेअरचा कॅश वाढवला, एवढंच. लॅपटॉप तोच आहे, लेक्चर नीट चालतं. दुसरं उदाहरण एका फायनल इयरच्या ताईचं. तिलाही अडखळण्याचाच त्रास, आणि सल्ला मिळाला होता फॉरमॅटचा. डीमेसेजमध्ये बघितलं तर डिस्कच्या एररची रांग लागलेली, आणि स्मार्टसीटीएल सांगत होतं की बरेच सेक्टर वाचता येत नाहीयेत. तिथे नवीन डिस्क हेच उत्तर होतं. पण त्याआधी प्रोजेक्टचा बॅकअप घ्यायला हवा होता, तो घेतला. फॉरमॅट मारलं असतं तर? बाहेरून दोघींचं दुखणं एकच दिसत होतं.

काही जण म्हणतील, एवढं सगळं आपण का करायचं? लिनक्सनेच नीट चालावं ना! या म्हणण्यात तथ्य आहे. डिफॉल्ट सेटिंग म्हणजे शेवटी कोणाचं तरी मतच असतं, आणि उरक मोजायला सोपा म्हणून पुष्कळदा मत उरकाच्या बाजूने पडतं. ऑस्ट्रेलियातले कॉन कोलिव्हास हे पेशाने भूलतज्ज्ञ डॉक्टर. साध्या माणसाच्या डेस्कटॉपवर खोळंबा होऊ नये म्हणून ते प्रोसेसरच्या शेड्युलरवर काम करायचे. २००७ साली कंटाळून त्यांनी कर्नलचं काम सोडलं. मोठ्या सर्व्हरच्या गरजांपुढे साध्या डेस्कटॉपकडे लक्ष दिलं जात नाही, ही त्यांची तक्रार होती. २००९ मध्ये ते नवा शेड्युलर घेऊन परतही आले.

पण कर्नलवाले झोपलेले होते असंही नाही. २००६ मध्ये २.६.१८ कर्नलला सीएफक्यू हा सगळ्यांना वाटून देणारा डिस्क शेड्युलर डिफॉल्ट झाला. २०१७ मध्ये ४.१० कर्नलमध्ये येन्स ॲक्सबो यांनी मागच्या मागे होणाऱ्या लिखाणाला लगाम घातला. त्याची कल्पना नेटवर्कमधून घेतली होती. कोणीतरी मोठी फाइल अपलोड करतो आणि सगळ्या विंगचा पिंग बोंबलतो, त्या दुखण्यावरचं औषध डिस्कला लावलं. त्याच वर्षी ४.१२ मध्ये इटलीतल्या मोडेना विद्यापीठाच्या पाओलो व्हॅलेंटे यांचा बीएफक्यू आला. आणि २०१९ च्या ५.० मध्ये सीएफक्यू काढून टाकला. म्हणून सीनियरने दिलेल्या जुन्या नोट्समधला सल्ला वापरताना तारीख बघा. सीएफक्यूबद्दलची वाक्यं आता निरुपयोगी आहेत. आणि "एचडीपार्मने डीएमए चालू कर" हे तर जुन्या चपट्या पट्टीच्या आयडीई डिस्कच्या जमान्यातलं आहे.

एसएसडीला माझा विरोध नाही, हेही स्पष्ट करते. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे उड्यांचा प्रश्न जातो, आणि परवडत असेल तर जुन्या लॅपटॉपसाठी ती उत्तमच. पण स्वस्त एसएसडीचा आतला वेगवान कॅश मोठ्या कॉपीत भरला की तीही धापा टाकते, आणि पेन ड्राइव्हचं तुंबणं तर एसएसडीने जात नाहीच. बीएफक्यूलासुद्धा किंमत आहे. प्रत्येक मागणीवर तो जास्त विचार करतो, म्हणून खूप वेगवान एनव्हीएमई डिस्कवर शेड्युलर "नन" ठेवतात, ते योग्यच आहे. मुद्दा एवढाच की आधी माहिती घ्या, मग पाकीट उघडा.

शेवटी आपल्या सर-मॅडमना एक विनंती. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॅबमध्ये आम्ही सगळे डिस्क शेड्युलिंगचा प्रोग्रॅम लिहितो. हेड ५३ वर, रांगेत ९८, १८३, ३७, १२२, १४, १२४, ६५, ६७. एफसीएफएसने ६४० सिलिंडर, एसएसटीएफने २३६. वर्षानुवर्षं तेच आकडे, तीच जर्नल, तीच सही. व्हायवात "स्टार्व्हेशन म्हणजे काय?" विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं. आणि त्याच रात्री रूमवर आपल्याच लॅपटॉपमध्ये बिचाऱ्या व्हिडिओचं स्टार्व्हेशन होतं, तेव्हा आम्ही म्हणतो, "फॉरमॅट मार!" पुस्तकातली डिस्क आणि मांडीवरच्या लॅपटॉपमधली डिस्क एकच आहे, हे आम्हाला कोणी दाखवतच नाही.

तर सर, एकच प्रॅक्टिकल बदला. लॅबमधल्या फिरणाऱ्या डिस्कच्या जुन्या मशीन्स त्यासाठी उत्तम आहेत. व्हिडिओ चालू करायचा, डीडीने मोठी फाइल लिहायला लावायची, आयओस्टॅटमधला खोळंबा आणि प्लेअरने गाळलेल्या चित्रांचा आकडा लिहून घ्यायचा. मग शेड्युलर बदलून पुन्हा तेच. दोन तासांचं काम आहे, खर्च शून्य, आणि प्रत्येक ग्रुपचे आकडे वेगळे येणार, म्हणजे जर्नल कॉपी करायचीही सोय नाही! ६४० आणि २३६ मधला फरक त्या दिवशी आम्हाला डोळ्यांनी दिसेल.

तोपर्यंत लेडीज हॉस्टेलमधल्या मुलींनी रविवारी दुपारी अडखळणारा लॅपटॉप घेऊन कॉमन रूममध्ये यावं. बॉइज हॉस्टेलवाल्यांनी आपापली कॉमन रूम बघावी, तपासण्या वर लिहिल्याच आहेत. घरी पैसे मागायचा फोन तेवढा त्यानंतर करा.